मार्थाक्काची चाळण

मार्थाक्का गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. आमच्या चर्चच्या ग्रुपवर सकाळी सकाळी पांढऱ्या लिलीच्या फुलांचं चित्र आलं, त्याखाली जोडलेले हात आणि त्याखाली तिचं नाव. माझा चष्मा पलंगाखाली गेला होता, म्हणून नातीनं वाचून दाखवलं. "या कोण गं आजी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, होती एक म्हातारी, पलूसला. आणि मग... आता लिहायला बसलेच आहे तर खरं तेच लिहिते... माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले' हा. रडू नंतर आलं, तेही बेतानं. आधी सुटले. एक गोष्ट वाडीत अठ्ठावन्न वर्षं आम्हा दोघींनाच ठाऊक होती आणि त्या दोघींतली एक आता बोलणार नव्हती. ती गोष्ट एवढीच, की एका लहान मुलीनं विश्वासानं सांगितलेलं गुपित कुणीतरी फोडलं, आणि ते मार्थाक्कानं फोडलं असं एक अख्खी वाडी आजही समजते. तिनं फोडलं नव्हतं. कुणी फोडलं ते पुढे येईलच, पण हुशार वाचकांना एवढ्यात कळलंही असेल. आता म्हातारपणी माझ्याकडून माणसं पूर्वीसारखी फसत नाहीत, त्याचा फार कंटाळा येतो.

वाडीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. पलूसच्या पलीकडे, ओढ्याच्या अलीकडच्या अंगाला पंधरा-वीस घरं आम्हा कॅथलिकांची. त्यांना लागूनच बौद्धांची घरं, म्हणजे छप्पन्न सालापर्यंत एकाच चुलीवर जेवणारे सख्खे-चुलत. एकानं इकडची वाट धरली, दुसऱ्यानं तिकडची, पण लग्नाला आणि मयताला दोन्हीकडची भांडी एकत्र घासली जायची. ओढ्यापलीकडे उसाचे मळे आणि मळेवाल्यांची दगडी घरं. आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, मागे एक दार, पुढे एक दार, मध्ये शेणानं सारवलेली जमीन. फादर शहरातून महिन्यातून एकदा रविवारी फटफटीवरून यायचे, मिस्सेची उपासना करायचे, चहा घ्यायचे आणि कमरेवर हात ठेवून परत निघायचे. बाकीचे सगळे दिवस वाडी मार्थाक्काच्या हवाली. ती धर्मशिक्षिका होती, म्हणजे पोरांना प्रार्थना शिकवायची, आजाऱ्यांपाशी बसायची, आणि अडलेल्या बाईकडे सुईणीच्या जोडीला जायची. मूळची कवठे महांकाळकडची, कोरड्या रानातली; लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिशीची असेल, पण तेव्हा मला ती जुनाट वाटायची.

आणि मी कोण, तर मी अठरा वर्षांची संत होते. वडील महाबळेश्वरच्या एका हॉटेलात खानसामा, पुडिंग करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मला त्यांनी साताऱ्याच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवून शिकवलं. तिथून मी मॅट्रिक, थोडं इंग्रजी आणि भरपूर अहंकार घेऊन बाहेर पडले. स्वर्गात आपली जागा राखून ठेवलेली आहे, फक्त पोचायला थोडा उशीर होतो आहे, अशी माझी समजूत होती. सहासष्ट साली ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाडीतली मुलं पहिल्या कन्फेशनसाठी तयार करायची होती, म्हणून मार्थाक्काच्या मदतीला फादरनी मला धाडलं. मी एस्टीतून पत्र्याची ट्रंक, पांढरे बूट, पांढरे मोजे आणि डोक्याला लेसचा रुमाल अशा थाटात उतरले. मार्थाक्का अंगणात बसून चाळत होती. रेशनला तेव्हा ती लाल मिलो ज्वारी यायची, तिच्यात खडेच जास्त. तिनं हातातली चाळण थांबवली आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"बूट काड बाये," ती म्हणाली. "हितलं काटं बुटातनं बी जात्यात. उघड्या पायाला निदान कळतंय तरी, कवा घुसलं त्ये."

मी बूट काढले नाहीत. तिसऱ्या दिवशी काढले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात मूल सात-आठ वर्षांचं झालं, की पहिल्यांदा फादरपुढे गुडघे टेकून आपली पापं सांगतं, त्यानंतर मग त्याला ख्रिस्तप्रसाद मिळतो. मध्ये जाळी असते. जाळीतून गेलेलं फादरनी जिवावर बेतलं तरी बाहेर बोलायचं नाही, असा नियम. मोठ्या चर्चात त्यासाठी कोरीव लाकडी कपाट असतं. वाडीत कपाट नव्हतं. मार्थाक्कानं खोलीच्या मागच्या कोपऱ्यात एक घोंगडं आडवं टांगलं होतं, त्याला मधोमध गोल भोक पाडलं होतं आणि त्या भोकावर सुतळीनं धान्याची चाळण बांधायची. चाळणीच्या मागे ती बसायची, पुढे पोर गुडघे टेकायचं. तिच्या बाजूला मागचं दार, म्हणून पाठीमागून उजेड यायचा. पोराला बाई दिसायची नाही, नुसते उजेडाचे ठिपके दिसायचे आणि आवाज ऐकू यायचा. सराव संपला की चाळण सोडून ती पुन्हा ज्वारीला.

या सरावाचा तिचा एक नियम होता. चाळणीपुढे खरं पाप आणायचं नाही. खोटं आणायचं, आणि तेही असं की जगात कुणी केलं नसेल. त्या वर्षी अकरा मुलं होती. ती रोज सकाळी पापं शोधत यायची. एकानं सांगितलं, मी फौजदाराची मिशी कापून आणली. एक म्हणाला, मी कृष्णेचं सगळं पाणी पिऊन टाकलं, आता मळेवाले बोंबलत्यात. मार्थाक्का पलीकडून गंभीरपणे विचारायची, "सगळं पिलास? मासं बी?" "मासं ठिवलं." "मग तीन नमो मरिया म्हन, आनि मिशीवाल्याला सांग, मिशी परत नीऊन चिकटीव." घोंगड्याच्या दोन्ही बाजूंना हसू फुटायचं. हसता हसता पोरांची भीती जायची. गुडघे कसे टेकायचे, पहिलं वाक्य कुठलं, दम कुठे घ्यायचा, विसरलं तर काय म्हणायचं, हे सगळं त्यांच्या अंगात मुरायचं.

मला हे भयंकर वाटलं. बोर्डिंगात आम्हाला वहीत दहा आज्ञा लिहून प्रत्येकीखाली आपली पापं मांडायला लावायचे, आणि मी त्यात पहिली असायचे. पापांत नव्हे, मांडणीत. चौथ्या दिवशी मी तिला गाठलं.

"आक्का, हे तर खोटं बोलायला शिकवणं झालं."

"व्हय," ती म्हणाली आणि चाळतच राहिली.

"पण कन्फेशन म्हणजे..."

"ह्ये कन्फेशन न्हवं गं. ही चाळन हाय. खरं ज्येचं त्येच्यापाशी ऱ्हाऊ दे, त्ये फादरम्होरं जाईल. आत काय हाय त्ये बगायचा तुला-मला परवाना न्हाई. आपलं काम दारापातूर सोडायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वाडीच्या भिती कुडाच्या हाईत बाये. हितं खोकलेलं तिकडं ऐकू जातंय. पोरास्नी एक जागा तरी पायजे का नगं?"

मी गप्प बसले, पण मनातून नाही. मनात मी तिला अडाणी ठरवून टाकलं होतं. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती या सगळ्याच्या मुळाशी आहे. मला नकला छान यायच्या. बोर्डिंगात मी सगळ्या सिस्टर्सच्या नकला करायचे, वाडीत आल्यावर मी मार्थाक्काचा आवाज उचलला. तो थोडा घोगरा आवाज, ते 'बाये', तो शेवटचा शब्द लांबवण्याचा कवठ्याकडचा ढंग. संध्याकाळी विहिरीवर मुलींना करून दाखवायचे. त्या हसून हसून घागरी सोडायच्या. आक्कानंही एकदा ऐकलं असावं, पण बोलली नाही.

तो बुधवार होता. मुलं पुढच्या दाराशी रांगेत, मी त्यांच्यावर देखरेख करत उभी, आक्का घोंगड्यामागे. मागच्या दारानं कुणीतरी धावत आलं, एक बाई अडली होती. आक्का उठली, मला मागे बोलावून हळूच म्हणाली, "पोरास्नी घरला लावून दे, मी येती." आणि गेली. पुढच्या मुलांना काही कळलं नाही. मी त्यांना घरी पाठवायचं ते सोडून... अठरा वर्षांची संत घोंगड्यामागे जाऊन बसली. म्हटलं, एकदा खरी तयारी होऊ दे, खरी पापं येऊ देत, मग आक्कालाही पटेल. आणि तिच्या आवाजात मी म्हटलं, "ये बाये. आज चाळनीला खरं पायजे."

पहिला मुलगा गोंधळला. म्हणाला, "आक्का, आज न्हाई काय. उद्या करून आनतो." दुसऱ्यानं पेरू चोरले होते. तिसरी लुशी आली.

लुशी आठ वर्षांची. सगुणाची मुलगी. सगुणाचा नवरा पलटणीत होता. पासष्टची लढाई संपून सहा महिने होत आले तरी तो सरहद्दीवरच होता, पत्रं मात्र येत होती. घरी सगुणा, लुशी आणि एक वर्षाचं बाळ. चाळणीच्या ठिपक्यांतून मला तिच्या दोन वेण्या दिसत होत्या, एका वेणीला रिबन होती, दुसरीला लुगड्याच्या काठाची चिंधी. तिनं चिंधीची वेणी बोटाला गुंडाळली. मग एका दमात म्हणाली, "फादरनी इचारलं हुतं, लिंबाखाली निवद कोन ठिवतंय. मी म्हनलं आमच्यातलं कुनी न्हाई. पर दहीभात मीच न्हेऊन ठिवलाय. आईनं दिला हुता."

"कशापायी?" मी विचारलं. आवाज आक्काचा, उत्सुकता माझी.

"आबा हिकडं न्हाईत म्हनून. आनि आता बाळालाबी गोवर आलाय."

"किती येळा?"

"पाच मंगळवार." मग तिनं जाळीला नाक लावून हळूच विचारलं, "आक्का, ह्ये पाप आईचं का माझं?"

मी आजवर पुष्कळ पोरं शिकवली, चार स्वतःची वाढवली, नातवंडं वाढवली. त्या प्रश्नाची दहा चांगली उत्तरं आज मला येतात. त्या दिवशी मी म्हटलं, "दोघींचं."

त्याच आठवड्यात फादर आले, उपवासकाळ म्हणून शनिवारीच. चहा पिऊन होईपर्यंत मी थांबले, एवढी माझी सभ्यता. मग सांगितलं. माझा स्वतःपुरता सोयीचा कायदा असा, की मी काही फादर नाही, मग गुप्ततेचं बंधन मला कसलं? फादरनी विचारलं, तुला कसं कळलं? मी अभिमानानं म्हटलं, चाळणीतून. ते दमलेले गृहस्थ होते, रिकामा कप माझ्या हातात देऊन उठले. दुसऱ्या दिवशी मिस्सेत त्यांनी नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, की एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात दहीभात घेऊन देवाकडे जाता येत नाही. पण त्या महिन्यात वाडीत गोवर एकाच घरात होता, दाराला लिंबाचा डहाळा खोचलेलं घर एकच. सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. सगुणा उठली. बाळाला काखेत मारलं, लुशीचं मनगट धरलं आणि पत्र्याचं दार ढकलून बाहेर गेली. जाताना लुशीनं वळून बघितलं. माझ्याकडे नाही. कोपऱ्यातल्या घोंगड्याकडे.

आक्कानं मला दुपारी नुसतं "चल" म्हटलं. सगुणाच्या अंगणात आम्ही उभ्या राहिलो, आत या असं कुणी म्हटलं नाही.

"आवं आक्का, तुमी सांगितलं व्हय?" सगुणानं विचारलं. ओरडली नाही, त्याचंच मला भय वाटलं. "तुमी माझ्या बाळंतपनात हुता. तुमी मला इचारायचं हुतं. मी तुमास्नी सांगितलं असतं, मला रातीला झोप न्हाई म्हनून."

दाराआडून लुशी म्हणाली, "तुमीच म्हनला. चाळनीला खरं पायजे म्हनला."

मार्थाक्कानं तिच्याकडे बघितलं. मग सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. माझी जीभ टाळूला चिकटली होती... खरं तर चिकटली वगैरे काही नव्हती, चांगली मोकळी होती, मी ती वापरली नाही. आक्का पुन्हा सगुणाकडे वळली आणि म्हणाली, "माझ्याच चाळनीतनं ग्येलं." बस. त्यात खोटं काही नव्हतं. सगुणानं दार लावून घेतलं.

परतताना विहिरीपाशी आक्का थांबली. "माझा आवाज काडतीस न्हवं तू," ती म्हणाली. "काड की एकदा. ऐकू दे मला." ती वाट बघत उभी राहिली, चेष्टेनं नव्हे, खरोखरच ऐकायचं असल्यासारखी. शेवटी मी रडत विचारलं, आक्का, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? तेव्हा ती जे बोलली ते मला तेव्हा निम्मंच कळलं. "एक बाई वंगाळ निगाली, तर पोर दुसरी हुडकल. पर पडद्यामागं कोन बी कुनाचा आवाज काडून बसतंय, असं कळल्यावं त्येनं जायाचं कुटं?" मग म्हणाली, "आत्ता ती ल्हान हाय. ती शानी झाली, तू शानी झालीस, की तुझ्या तोंडानं सांग. माझ्या तोंडून घालवू नगंस."

ईस्टरला अकरापैकी पाचच मुलांचं पहिलं कन्फेशन झालं. सगुणा पोरांना घेऊन माहेरी गेली, जवळच्याच गावात; तिचे भाऊ बौद्ध झालेले होते, त्यांनी बहिणीला ठेवून घेतलं. बाळाचा गोवर उतरला. नवरा सुखरूप परत आला. कुणाच्या कृपेनं ते मी ठरवत नाही, एकदा ठरवलं तेवढं पुरे झालं. लुशी तिकडेच वाढली, शिकली, मास्तरीण झाली, आणि चर्चची पायरी पुन्हा चढली नाही. आणि मार्थाक्का, जिनं जन्मभर पोरांची गुपितं न ऐकण्याची काळजी घेतली, तिचंच नाव वाडीनं 'चाळण' ठेवलं. आक्काला सांगू नगा, चाळन हाय ती, असं बायका तिच्यासमोर म्हणायच्या. ती पुढे तीस वर्षं तिथंच शिकवत राहिली. घोंगडं तेच, जाळी तीच, खोटी पापं आणायचा नियम तोच. पोरं कमी झाली होती, एवढंच.

मी जूनमध्ये साताऱ्याला परत गेले, मग लग्न होऊन सांगलीला. शाळेत नोकरी केली. दर नाताळाला केक घेऊन तिच्याकडे जायचे. पुढे ती थकली आणि पलूसला भाच्याकडे राहायला आली, तिथेही जायचे. उंबऱ्यातच ती एक प्रश्न विचारायची. "लुशी भेटली का गं?" मी म्हणायचे, नाही अजून. ती म्हणायची, "बरं," आणि चहाला आधण ठेवायची. कधी टोमणा नाही, कधी तगादा नाही. एखाद्याला तब्येत विचारावी तसं. वर्षं अशी गेली. लुशी, आधी नोकरीमुळे आणि आता निवृत्त होऊन, पलूसलाच राहते, भाच्याच्या घरापासून चार गल्ल्यांवर, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. म्हणजे भेटायला हिमालय चढायचा नव्हता. तुम्ही विचाराल, कन्फेशनला कधी सांगितलंस का? सांगितलं. चार वेगवेगळ्या फादरांना. तिघांनी क्षमा केली. चौथा तरुण होता, तो म्हणाला, आजी, त्या बाईंना जाऊन सांगा. मी त्यानंतर लांबच्या चर्चात जाऊ लागले.

गेल्या नाताळाला गेले तेव्हा ती अंथरुणावरच होती. डोळे गेले होते, आवाज मात्र तसाच घोगरा. मी पायाशी बसले. तिनं हात चाचपून माझं मनगट धरलं आणि विचारलं, "लुशी भेटली का गं?" माझे गुडघे दुखत होते, बसमध्ये उभं राहून आले होते, आणि अठ्ठावन्न वर्षं 'नाही अजून' म्हणून म्हणून माझा जीव थकला होता. मी म्हटलं, "भेटली आक्का. सांगितलं सगळं."

तिनं माझं मनगट घट्ट दाबलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं... ते मी इथं लिहू शकत नाही. म्हणाली, "मग ईल आता ती."

मातीला मी उशिरा पोचले. सगळं उरकल्यावर भाच्याची बायको, सुनीता, मला आक्काच्या खोलीत घेऊन गेली. पलंगाशेजारी लोखंडी घडीची खुर्ची मांडलेली होती, वर स्वच्छ टॉवेल. "तुम्ही येऊन गेल्यापासून रोज म्हणायच्या," सुनीता म्हणाली, "खुर्ची पूस, लुशी येनार हाय. कोण हो ही लुशी? आमच्यात तर कुणी नाही त्या नावाचं." मी म्हटलं, होती एक मुलगी. सुनीतानं फळीवरून चाळण काढून माझ्या हातात दिली. "ही तुम्हाला द्या म्हणाल्या होत्या. जाळी दोन ठिकाणी फाटलीय, पण द्या म्हणाल्या." सुतळीचे तुकडे अजून कडेला गाठ मारून होते.

चाळण घेऊन मी सांगलीला परतले. ती पिशवीत घालून पुन्हा पलूसला येऊन मी त्या चार गल्ल्या चालले तेव्हा आक्काला जाऊन आठ दिवस झाले होते. लुशीनं दार उघडलं. सहासष्ट वर्षांची बाई, केस पांढरे, चष्मा, वेणी एकच. तिनं मला ओळखलं, "शेशीबाई ना तुम्ही? नाताळला येता त्या." माझं नाव सिसिलिया, वाडीनं त्याचं शेशी केलं होतं. मी बसले आणि सगळं सांगितलं. घोंगडं, आवाज, दोघींचं म्हटलं ते, फादरचा चहा, अंगणात गप्प राहिले ते. शेवटी खुर्चीचंही सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तिनं जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

"मी त्या घरावरून रोज भाजीला जाते," ती म्हणाली. "त्या दारात बसलेल्या असायच्या, ऊन खात. दिसत होतं तेव्हा हाक मारायच्या मला, पोरी म्हणून. मी मान वळवून जायची." चष्मा पुसत म्हणाली, "मला वाटायचं, आईची एवढी शोभा करून ही बाई हाक कुठल्या तोंडानं मारते."

मी म्हटलं, चुकलं माझं.

"ते मला आता सांगून काय करू मी?" ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसली, माझ्याइतकीच. "आई गेली. त्याही गेल्या. खुर्ची मांडली होती म्हणता, आणि मी चार गल्ल्या सोडून टीव्ही बघत होते." मी पिशवीतून चाळण काढून पुढे केली. तिनं हात लावला नाही. मी उठले तेव्हा मात्र तिनं दाराशी विचारलं, "त्यांनीच सांगितलं, असं किती लोकांना वाटतं?"

"सगळ्या वाडीला."

"मग सगळ्यांना सांगा," ती म्हणाली. "तुमचं नाव घालून."

तर ते सांगते आहे. लुशीचं गुपित मार्थाक्कानं फोडलं नाही, मी फोडलं, तिच्या आवाजात बोलून फोडलं. वाडीतलं कुणी हे वाचत असेल तर बाकीच्यांना वाचून दाखवा.

चाळण मी खोलीतल्या खिडकीला बांधली आहे, जुन्याच सुतळीनं. सून म्हणते, आई, ती गंजकी कशाला, नवी आणू. सकाळी उन्हं आली की तिचे ठिपके माझ्या पांघरुणावर पडतात, फाटल्या जागी दोन मोठे. गुडघे आता टेकवत नाहीत, म्हणून पलंगावर बसूनच तिच्याकडे तोंड करते. नियमाप्रमाणे आधी खोटं पाप सांगते. काल सांगितलं, आक्का, मी सांगलीचा आयर्विन पूल गिळला. मासं ठिवलं.

पलीकडून कुणी हसलं नाही.